संत गोन्सालो गार्सिया : वसईचे दुभाषी, नागासाकीचे रक्तसाक्षी

दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत पॉल मिकी व त्यांच्या सोबती रक्तसाक्षींचे स्मरण करते. या २६ जणांमध्ये आपल्या महाराष्ट्राचे एक सुपुत्र आहेत, ते म्हणजे भारतात जन्मलेले पहिले संत, गोन्सालो गार्सिया.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई वसईचीच. गुजरातच्या सुलतानाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली होती. स्पेन व पोर्तुगाल यांनी १४९४ च्या तोर्देसिल्यास करारान्वये समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतले होते. म्हणून आजही ब्राझील, अंगोला व मोझांबिकमध्ये पोर्तुगीज, तर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत बहुतेक देशांत स्पॅनिश बोलली जाते. आशियात मात्र गोवा व वसई पोर्तुगिजांकडे आणि फिलिपिन्स स्पेनकडे जाऊनही लोकांनी आपापल्या मातृभाषा सोडल्या नाहीत. येथे युरोपीय वसाहतकार थोडे होते आणि धर्मगुरूंनीही स्थानिक भाषा शिकून त्यांतूनच शिकवण दिली.

गोन्सालो यांचे शिक्षण वसईत येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली झाले. साधारण १५ व्या वर्षी ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की सुमारे ८ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून लोकांना श्रद्धेची ओळख करून देत राहिले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तीव्र इच्छा होती, परंतु ती मान्य झाली नाही. मनावर हा घाव घेऊन ते पूर्वेकडील बंदरांत व्यापार करू लागले. व्यापारात यश आले, तरी पाचारणाची हाक थांबली नाही. अखेर स्पॅनिश सत्तेखालील मनिला येथे त्यांनी सर्व सोडून फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. एका दाराने नाकारलेल्या सेवकाला प्रभूने दुसरे दार उघडून दिले.

१५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाउतिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठविले. सोबत दुभाषी होते बंधू गोन्सालो. क्योतो येथे या फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च उभारले आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालविले. ज्यांना समाजाने टाकले होते, त्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या.

१५९६ साली स्पेनचे 'सान फेलिपे' हे जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातून उद्भवलेल्या वादात, धर्मप्रसारक हे परकीय स्वारीचे अग्रदूत आहेत असा संशय बळावला. धर्मगुरू, बंधू व जपानी श्रद्धावंतांना अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो किलोमीटर नागासाकीकडे चालविण्यात आले. निघताना ते २४ होते; वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत २० जपानी, ४ स्पॅनिश, एक मेक्सिकोचे व एक वसईचे होते. राजांनी जग वाटून घेतले होते; या क्रुसांनी मात्र निरनिराळ्या भाषांची माणसे एका श्रद्धेत बांधली.

त्यांना १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले.

नांदेड व लातूर परिसरावर पोर्तुगिजांची सत्ता कधीच नव्हती. तरीही आपण जो 'नाताळ' साजरा करतो, तो शब्द पोर्तुगीज आहे. 'पाव' आणि 'पगार' हेही तसेच. भाषा सत्तेबरोबर येते, पण तिच्यापुढे जाऊनही टिकते. श्रद्धेचेही तसेच आहे. बंधू गोन्सालो यांनी परक्यांची भाषा शिकली ती सत्तेसाठी नव्हे, तर सेवेसाठी. आपल्या धर्मग्रामांत मराठीबरोबर इतर भाषा बोलणारी कुटुंबेही येतात. शेजाऱ्याची भाषा समजून घेणे हीदेखील प्रीतीची एक कृती आहे, याचे भान या थोर रक्तसाक्षींच्या मध्यस्थीने आपल्याला लाभो.