हिप्परग्याचे मुख्याध्यापक

परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी हे गाव लागते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी या गावातल्या एखाद्या हुशार मुलाला प्राथमिकच्या पुढे शिकावेसे वाटले असते, तर दोन अडचणी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या असत्या. पहिली अंतराची. माध्यमिक शाळा शहरगावी असत आणि तिथे राहण्याजेवणाचा खर्च शेतकऱ्याच्या घराला पेलणारा नव्हता. दुसरी अडचण भाषेची. निजामाच्या राज्यात प्राथमिक वर्ग मराठीत चालत. पण पुढे शिकायचे तर उर्दूतूनच. घरी, शेतात, बाजारात जी भाषा कधी तोंडी आली नाही, तिच्यात भूगोल आणि गणित समजून घ्यावे लागे. १९४१ च्या शिरगणतीतही हैदराबाद संस्थानात शंभरातले दहा लोकदेखील साक्षर नव्हते, यात नवल ते काय?

स्वामी रामानंद तीर्थ यांना महाराष्ट्र हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. दर १७ सप्टेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. मात्र सेनानी होण्याआधी हा माणूस कित्येक वर्षे शाळामास्तर होता, आणि त्यांच्या लढ्याची मुळे त्या वर्गखोल्यांत आहेत, ही गोष्ट त्या हाराखाली झाकली जाते.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या शाळकरी मुलाने आजन्म ब्रह्मचर्याचा आणि देशसेवेचा संकल्प केला. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण अमळनेर आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षणाच्या वातावरणात झाले. मग काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले. शहरातच राहिले असते तर कामगार चळवळीत ते मोठे झाले असते, असे मानायला जागा आहे.

पण १९२९ मध्ये ते हिप्परग्याला आले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले हे आडवळणाचे खेडे. तिथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. त्या काळी संस्थानात खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. सार्वजनिक सभांवर तर बंधने होतीच. अशा राज्यात मराठीतून शिकवणारी आणि मुलांना देशाचा विचार सांगणारी शाळा चालवणे हे केवळ शिक्षणकार्य राहत नाही, हे सरकारला कळत होते आणि शिक्षकांनाही. खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले. हिप्परग्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन हिमालयात जाण्याऐवजी वर्गावर जाणारा हा संन्यासी निराळाच म्हणायचा.

१९३५ मध्ये स्वामीजी बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला गेले. तेव्हा सरकारदफ्तरी या गावाचे नाव मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरी शाळेची जबाबदारी त्यांनी घेतली.

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे भरले. मातृभाषेतून शिक्षण हा प्रश्न परिषदेच्या व्यासपीठावर येत राहिला. पुढच्याच वर्षी स्वामीजींनी शाळा सोडली आणि स्टेट काँग्रेसवरील बंदीविरुद्ध सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानियाने आधुनिक विद्या इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून शिकवण्याचे धाडस केले होते. कल्पना मोठीच होती. दोष एवढाच, की ती भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी घरांतल्या बहुसंख्य मुलांची नव्हती. आणि राष्ट्रीय शाळांनाही मर्यादा होत्या. त्यांच्या बाकांवर दलित मुले आणि मुली फारशा दिसत नसत. त्यांच्यासाठी मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाने.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, हा आग्रह त्यांनी स्वपक्षीयांची नाराजी पत्करूनही सोडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झाले. त्या आग्रहामागेही मास्तरच होता असे वाटते: राज्यकारभाराची भाषा लोकांची झाल्याखेरीज सरकारी शाळेची भाषा कायमची मुलाची होत नाही.

खुर्चीपेक्षा त्यांचे मन संस्थांत रमले. १९५० मध्ये नांदेडला त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. तोवर गोदाकाठच्या मुलांना पदवीसाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. महाविद्यालयीन परीक्षांत वारंवार अडखळलेले नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयात आधी प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. तेही तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्याच नांदापूरचे.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावची प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेली. शाळा मुलाच्या गावी आली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्य सरकारने पुढे आणला, तेव्हा तोच जुना अंतराचा प्रश्न वाड्यावस्त्यांवरच्या पालकांनी पुन्हा विचारला.

स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत झाले. १९९४ च्या १७ सप्टेंबरला नांदेडमध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. परभणी जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो, त्यामुळे बोरीच्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर आज हिप्परग्याच्या त्या मुख्याध्यापकाचे नाव असते.