सुरवंटाला बांधलेला दोरा

गोरेगावच्या मासळीबाजारात चिंबोरी हातात तोलून पाहिल्याशिवाय सहसा कोणी घेत नाही. हलकी लागली तर पोकळ. म्हणजे तिने नुकतीच कात टाकलेली असते आणि नव्या, मोठ्या कवचात मांस भरायचे राहिलेले असते. टणक कवच ताणत नाही. वाढायचे तर ते टाकावेच लागते. पण ते केव्हा टाकायचे, हे शरीराला कळते कसे?

या प्रश्नाचा धागा हाती लागला तो पोलंडमध्ये, तोही खेकड्यात नव्हे, सुरवंटात. स्टेफान कोपेच यांचा जन्म १८८८चा. या प्राणिशास्त्रज्ञाने जिप्सी पतंगाच्या सुरवंटांना मधोमध दोरा करकचून बांधला. शेवटची कात टाकल्यावर दहा दिवसांच्या आत बांधला, तर पुढचा भाग कोषात गेला, मागचा सुरवंटच राहिला. त्यानंतर बांधला, तर दोन्ही भाग बदलले. मज्जातंतू कापून पाहिले; फरक पडला नाही. सुरुवातीलाच मेंदू काढला, तर सुरवंट जगला, पण कोष झाला नाही. म्हणजे मेंदूतून काहीतरी रक्तात उतरत होते. दोऱ्यासारख्या साध्या साधनाने याहून मोठे काम क्वचितच झाले असेल. पण मेंदू ग्रंथीसारखा वागतो, हे १९१७ साली कोणाला पटणार? बरीच वर्षे या निष्कर्षाकडे फारसे कोणी वळले नाही.

खेकड्यात कारभार उलटा. तिथे डोळ्यांच्या देठांतले संप्रेरक कात टाकणे रोखून धरते. देठ काढलेले खेकडे लवकर कात टाकतात, हे अमेरिकेत चार्ल्स झेलेनी यांना १९०५मध्येच दिसले होते. कारण पुढे उलगडले. हा ब्रेक सुटला की डोक्याजवळच्या ग्रंथींच्या जोडीतून कात टाकायला लावणारे संप्रेरक रक्तात येते.

कोपेच तोवर वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. जर्मन ताब्यातल्या शहरात ते पकडले गेले. मार्च १९४१मध्ये नाझींना सामील झालेल्या एका नटाची भूमिगतांनी हत्या केली. तिचा सूड म्हणून ११ मार्चला पालमिरीच्या जंगलात २१ कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत कोपेच होते.

१९५४मध्ये जर्मनीत ५०० किलो रेशीमकोशांतून २५ मिलिग्रॅम एक्डायसोन निघाले. कीटकाच्या मेंदूचा हुकूम आला की छातीतली ग्रंथी सोडते ते हेच. १९६६मध्ये ऑस्ट्रेलियात टनभर शेवंडांच्या टाकाऊ भागातून २ मिलिग्रॅम संप्रेरक मिळाले. ते एक्डायसोनचेच सख्खे भावंड निघाले.