विश्लेषण : ‘थ्री-नॉट-थ्री’चा जनक कोण? घड्याळजीच्या मुलाची रायफल आणि तिच्या चापाचे गणित

अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये मुंबईच्या सशस्त्र पोलिसांचे मोठे आवार आहे. मुंबईत वाढलेल्या कोणीही लाकडी दस्त्याची, लांब नळीची ती जुनी रायफल पोलिसांच्या खांद्यावर कधी ना कधी पाहिलेली असते. कधी रेल्वेच्या फलाटावर, कधी गणपतीच्या बंदोबस्तात. लोक तिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव ली-एन्फिल्ड. यातले एन्फिल्ड हे लंडनजवळचे ठिकाण. तेथे ब्रिटिश सरकारचा शस्त्र कारखाना होता. मग ‘ली’ कोण? त्याच्या रायफलीचा चाप इतका जड का लागतो? आणि बाजारात मिळणारा नवा ट्रिगर तिला सहज का बसत नाही?

जेम्स पॅरिस ली कोण होता?

जन्म ९ ऑगस्ट १८३१, स्कॉटलंडमधील हॉइक गावी. तो लहान असतानाच कुटुंब कॅनडातील गाल्ट येथे स्थायिक झाले. वडील घड्याळे आणि दागिन्यांच्या व्यवसायात होते. मुलगाही तेच शिकला. बारीक स्प्रिंग, दातेरी चाके आणि केसाएवढ्या फरकाने बिघडणारे यंत्र, ही त्याची पहिली शाळा.

वयाच्या १२ व्या वर्षी त्याने पहिली बंदूक बनवली. जुन्या पिस्तुलाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा घरी कोरलेला दस्ता आणि दारू ठेवायला अर्ध्या पेनीच्या नाण्याची वाटी. पहिल्याच बारात ती फसली. पण नाद सुटला नाही.

पहिला मोठा धक्का कोणता?

१८५८ मध्ये ली पत्नी-मुलांसह अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये गेला. लवकरच तेथे यादवी युद्ध पेटले. त्या काळातील बहुतेक बंदुका तोंडाकडून भरल्या जात. लीने मागून काडतूस भरण्याची रचना तयार केली आणि १८६२ मध्ये पेटंट घेतले. पुढे अमेरिकी सैन्याकडून त्याला १,००० कार्बाइनची मागणी मिळाली आणि मिलवॉकीत कंपनी उभी राहिली.

घोळ मापात झाला. सैन्याला .४४ इंचाचे काडतूस हवे होते, कंपनीने बंदुका .४२ साठी बनवल्या. फरक ०.०२ इंचाचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. सैन्याने माल नाकारला. युद्धही संपले होते. कंपनी पुन्हा सावरली नाही. ली तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता.

मग जगाला त्याने दिले काय?

मॅगझिन. आज कोणत्याही रायफलीखाली दिसणारी काडतुसांची पेटी आपल्याला साधी वाटते. लीच्या काळात मात्र अनेक काडतुसांच्या रायफलीत ती नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक ठेवत. लीने बोल्टच्या खाली सुटी होणारी पेटी बसवली. आत स्प्रिंग, वर एकावर एक काडतुसे. बोल्ट मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवे आत. १८७९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

दुर्दैव येथेही आडवे आले. अमेरिकी नौदलासाठी या रायफली बनवणारी शार्प्स कंपनी मध्येच बंद पडली आणि काम रेमिंग्टनकडे गेले. मात्र ब्रिटिश सैन्याने अनेक रायफलींच्या चाचण्या घेतल्या, त्यात लीची रचना टिकली. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली गेली. बोल्ट आणि मॅगझिन लीचे, तर नळीतील आटे विल्यम मेटफर्ड या इंग्रज अभियंत्याचे. पुढे कॉर्डाइट ही नवी, अधिक उष्णता देणारी दारू आली आणि मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजू लागले. १८९५ मध्ये एन्फिल्डच्या खोल आट्यांची नळी आली आणि नाव झाले ली-एन्फिल्ड.

लीचे निधन २४ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाले. त्याच वर्षी बंगालमधील ईशापूर येथे रायफल कारखाना सुरू झाला. पुढे अनेक दशके लीच्या नावाची रायफल तेथे तयार होत राहिली. दोन महायुद्धांत मराठा पलटणींच्या जवानांच्या हाती याच घराण्यातील रायफली होत्या.

चाप दोन टप्प्यांत का ओढावा लागतो?

चापाचे श्रेय एकट्या लीला देता येत नाही. रायफल स्वीकारल्यावर ब्रिटिशांनी तिच्यात बरेच फेरबदल केले. पण लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रायफलीचा स्वभाव कळतो तो चापातच.

गोळी सुटण्याआधी आतला ताणलेला स्ट्रायकर एका छोट्या खिट्टीने अडवलेला असतो. या खिट्टीला सिअर म्हणतात. चाप ओढणे म्हणजे ही खिट्टी खाली सरकवणे. ली-एन्फिल्डच्या चापाला वरच्या बाजूला दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा खिट्टीला बरेचसे अंतर हलक्या जोरात सरकवतो. मग दुसरा टेकतो आणि बोटाला एकदम जडपणा जाणवतो. आता थोडाच जोर दिला की गोळी सुटते. हा शेवटचा जोर साधारण ५ ते ६ पौंड, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो.

धावत्या, घाबरलेल्या, थंडीने बोटे बधिर झालेल्या शिपायाकडून चुकून गोळी सुटू नये, यासाठी हा जडपणा. क्रीडा नेमबाजीत गणित उलटे असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकले. त्या प्रकारात चापाला किमान वजनाची अट नाही. स्पर्धेच्या रायफलीचा चाप १०० ग्रॅमच्या आसपासही ठेवता येतो. श्वास रोखून उभ्या असलेल्या खेळाडूला तो चालतो, गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला नाही.

पावसाळ्याचा चापाशी काय संबंध?

जुन्या ली-एन्फिल्डमध्ये खिट्टी पोलादी बॉडीला असते, पण चाप खालच्या ट्रिगर गार्डला. या दोघांच्या मध्ये येतो लाकडी दस्ता. मुंबईसारख्या दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. चाप आणि खिट्टीतील अंतर त्यामुळे बदलते आणि दोन टप्पे बिघडतात. कधी पहिला टप्पाच नाहीसा होतो. हा दोष पुढे मान्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या नंबर ४ मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीला टांगण्यात आला.

नवा ट्रिगर बसवता येतो का?

जर्मन माउझर घराण्याच्या रायफलीत ट्रिगरचा संच एका पिनेवर लटकतो. पिन काढली की जुना बाहेर, तयार नवा आत. म्हणूनच जगभर माउझरसाठी असे संच विकले जातात. त्यांत सहसा तीन गोष्टी बदलता येतात. चापाचे वजन, खिट्टीची पकड किती खोल असावी आणि गोळी सुटल्यावर चाप आणखी किती मागे जावा.

ली-एन्फिल्डची गोष्ट वेगळी. खिट्टी स्वतंत्र, तिची स्प्रिंग मॅगझिनच्या खटक्यालाही जोर देणारी, आणि बदलासाठी एकही स्क्रू नाही. त्यामुळे जुने आर्मरर दस्ता नीट बसवतात, पृष्ठभाग तपासतात आणि झिजलेला भाग बदलतात.

यातला धोका मोठा आहे. या रायफलीत बोल्ट पुढे ढकलताना स्ट्रायकरची स्प्रिंग ताणली जाते, म्हणजे बोल्ट बंद होतानाच सगळा भार खिट्टीवर येतो. चाप हलका करण्याच्या नादात पकड कमी झाली, तर बोल्ट आपटताच किंवा रायफल पडताच बार उडू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट पुन:पुन्हा जोरात बंद करून स्ट्रायकर सुटत नाही ना, हे पाहिले जाते. भारतात शस्त्रांची दुरुस्ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असलेल्यानेच करायची असते. .३०३ तर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. व्हिडिओ पाहून घरी करण्याचे हे काम नव्हे.

आज ही रायफल कुठे आहे?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हाती .३०३ होत्या आणि समोर एके-४७. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा, तेवढ्यात समोरचा अनेक गोळ्या झाडतो. लीने १८७९ मध्ये सोडवलेला प्रश्न आता निराळा झाला होता. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांचे आधुनिकीकरण हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी या रायफलीला निरोप दिला.

अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने लीची पहिली कंपनी बुडाली होती. त्याच्या नावाच्या रायफलीत चाप आणि खिट्टीचा हिशेब आजही त्याहून बारीक मापात करावा लागतो.