कमलाबाई ओगले : अंदाजाला माप देणारी सुगरण

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा बहुतेक बिऱ्हाडं नवरा-बायको आणि मुलं एवढीच होती. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाचा विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये व्यवहार. सासूबाई गावाकडे. मग पुरणाला गूळ किती घालायचा, हे विचारायचं कुणाला? माझ्यासारख्या कितीतरी जणींनी ते ‘रुचिरा’ उघडून बघितलं. ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईंची ही थोडक्यात ओळख.

कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावचा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. लहान वयातच लग्न होऊन त्या सांगलीला ओगल्यांच्या घरी आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. त्या काळी सगळ्याच घरांत शिकवणं म्हणजे शेजारी उभं राहून बघणं. मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजाने, आणि तो अंदाज यायला निम्मं आयुष्य जायचं.

कमलाबाईंनी हाच अंदाज मापात बसवला. मापही कसलं, तर प्रत्येकीच्या मांडणीवर असतंच असं : वाटी आणि चमचा. तराजू नको, वजनं नकोत. किती वाट्या पिठाला किती चमचे मोहन, हे सांगितलं की नवशिकी पोरगीसुद्धा न घाबरता कामाला लागते. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी आधी आपल्या हाताला जे आपोआप कळतं ते थांबून मोजावं लागतं. पट्टीच्या सुगरणींनाही ते सहज जमत नाही.

कुंडलच्या शेजारीच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली होती. त्याच किर्लोस्करांच्या प्रकाशनाने १९७० साली कुंडलच्या या लेकीचं ‘रुचिरा’ छापलं. पुढे त्याच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. लग्नात मुलीला भांड्यांबरोबर ‘रुचिरा’ द्यायची पद्धतच पडली. परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेतही ते गेलं.

साधारण त्याच सुमाराला, १९६१ साली, अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड यांचं फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक आलं होतं. दोन मैत्रिणींबरोबर लिहिलेल्या त्या पुस्तकाने हॉटेलातले वाटणारे अवघड पदार्थ तिथल्या साध्या गृहिणींच्या आवाक्यात आणले. ज्युलियाबाई पॅरिसच्या नावाजलेल्या पाकशाळेत शिकल्या, आपल्या कमलाबाई सासूच्या चुलीपुढे. पण शिकलेलं मुठीत न ठेवता दुसरीला नीट पायरीपायरीने सांगायचं, हे दोघींचं एकच. कमलाबाई १९९९ साली गेल्या, पुस्तक मात्र अजून छापलं जातंय.

माझ्या प्रतीची पानं हळदीने पिवळी झालीत, काही सुटलीत. तरी ती उघडली की एक रुखरुख वाटते. माझ्या सासूबाईंच्या हातचा काळा मसाला सगळ्या भावकीत नावाजलेला. त्या गेल्या आणि मसालाही गेला. धणे किती, खोबरं कितपत काळं भाजायचं, दगडफूल किती, यातलं मी काहीच लिहून घेतलं नाही. त्या मूठ भरून टाकायच्या आणि मी नुसती बघत राहायचे. त्यानंतर दहा वेळा करून बघितला, रस्सा बरा होतो, पण तो त्यांचा नव्हे.

आपल्या सोसायटीत आज पाच-सहा घरांत तरी सत्तरीच्या पुढच्या आज्या आहेत. सुनांनो, नातींनो, आणि हो, नातवांनोसुद्धा, एक वही आणि एक वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्यांनी मूठ भरली की ती आधी वाटीत ओतायला लावा, मोजा, मगच पातेल्यात जाऊ द्या. आज्या चिडतील, चिडू देत. वही मात्र भरली पाहिजे.