डॉ. खानोलकर : मज्जातंतूंचा मागोवा

महारोग हा शब्द उच्चारला की माणसे अजूनही दोन पावले मागे सरतात. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटपासून भंडारा-चंद्रपूरपर्यंत, हा रोग कोणाला नवखा नाही. अंगावरचा चट्टा बधिर का होतो, याचा सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेणाऱ्यांत एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १८९५ साली क्वेट्टा येथे झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवून ते पुढे मुंबईच्या ग्रँट व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक झाले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तंबाखूच्या सवयीचा आणि कमरेला घट्ट कसलेल्या धोतराचाही कर्करोगाशी संबंध असतो, हे त्यांनी दाखविले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले.

कुष्ठरोगाकडे मात्र त्यांनी वेगळ्या वाटेने पाहिले. चट्टा नुकताच उमटू लागला असतानाच त्वचेचे तुकडे घेऊन त्यांनी ते बारकाईने तपासले. जंतू प्रथम त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतूंत शिरतात व त्यांच्याच वाटेने पुढे सरकतात, असे मत त्यांनी १९५१ च्या सुमारास मांडले. पुढे १९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. त्यांच्या पश्चात त्यापासून लसही तयार करण्यात आली.

या रोगात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडते, तेव्हा त्या झटापटीत मज्जातंतूच जायबंदी होतो. घराचे रक्षण करताना पहारेकऱ्यानेच भिंत पाडावी, तसे हे आहे. रक्षक आणि मज्जातंतू यांचे नाते याहूनही जवळचे आहे, हे १९८० नंतरच्या संशोधनाने उघड केले. प्लीहा, लसिकाग्रंथी, अस्थिमज्जा व थायमस या प्रतिकाराच्या अवयवांत मज्जातंतू थेट रक्षक पेशींच्या शेजारपर्यंत पोहोचतात. म्हाताऱ्या उंदरांच्या प्लीहेत व लसिकाग्रंथींत हे तंतू विरळ झालेले आढळले. थायमस तर माणसातही तारुण्यानंतर आक्रसत जातो. वार्धक्यात प्रतिकारशक्ती का खालावते, या प्रश्नाचा एक धागा येथे असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते.

हे संशोधन खानोलकरांचे नव्हे. तरीही मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती यांची गाठ ज्या रोगात उघड्या डोळ्यांनी दिसते, तो रोग त्यांनी मुळापासून तपासला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

१९८२ पासून बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. परंतु एकदा मेलेला मज्जातंतू सहसा पुन्हा जिवंत होत नाही. हिशेबाच्या वहीतली चूक वर्षअखेरीसही दुरुस्त करता येते, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. या वहीत तशी सोय नाही. म्हणून घरात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लाजेने झाकून न ठेवता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. ज्यांनी पहिला चट्टा इतक्या आस्थेने पाहिला, त्या खानोलकरांना हीच खरी आदरांजली होय.