दिव्यापलीकडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

विद्यार्थी मित्रांनो, १२ मे हा जागतिक परिचारिका दिन. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणाऱ्या बाई, एवढी त्यांची ओळख आपल्याला असते. आज त्यांची दुसरी ओळख करून घेऊया.

माझी मावशी सिस्टर होती. ड्युटीवरून आली की आधी फरशीवर पाठ टेकायची. लहानपणी मला वाटायचं, तिला झोप आलीय. खरं तर दिवसभर पेशंट उचलून, वाकून तिची कंबर भरून यायची. नाइटिंगेल यांनी परिचारिकांच्या या कष्टांचा विचार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केला होता.

त्यांचा जन्म १८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला, म्हणून नावही तेच. घर श्रीमंत. रुग्णसेवा हे तेव्हा हलकं काम समजलं जाई, त्यामुळे घरून विरोध झाला. तरी १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीत जाऊन शिक्षण घेतलं.

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इमारत मजल्यांची. गरम पाणी, जेवण, सगळं जिन्यानं वर न्यायचं. परिचारिकेचे निम्मे श्रम जिन्यातच जाणार! मग त्यांनी काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर नळानं गरम पाणी आणि जेवण वर नेणारी छोटी लिफ्ट. शिवाय कोणत्या रुग्णानं घंटा वाजवली ते कळावं अशी खूणही घंटेला हवी, म्हणजे खोल्या शोधत फिरायला नको.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ३८ परिचारिका घेऊन त्या क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुतारीला गेल्या. तिथे त्यांनी स्वच्छतेसाठी जे काम केलं ते आपण पुस्तकात वाचतोच.

परत आल्यावर त्यांनी रुग्णसेवेवर पुस्तक लिहिलं. त्यात खाटेबद्दलही सांगितलंय. खाट भिंतीला चिकटवू नये, दोन्ही बाजूंनी जाता यावं. ती फार उंच किंवा फार रुंद नसावी, नाहीतर परिचारिकेला ताणून हात पोहोचवावा लागतो. किती साधी गोष्ट! माणसानं कामासाठी मोडायचं नाही, काम माणसाला सोयीचं करायचं. आज याच विचाराच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात.

दुर्दैव असं, की युद्धकाळात जडलेल्या आजारानं त्यांचं स्वतःचंच शरीर थकलं. पुढे पाठीच्या असह्य वेदना सुरू झाल्या. अनेक वर्षं त्यांनी अंथरुणातूनच लिहिलं, अहवाल तयार केले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावानं परिचारिकांची शाळा सुरू झाली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

मुलांनो, दुसऱ्याची सेवा करणाऱ्याचीही पाठ दुखते, हे लक्षात ठेवणं म्हणजेही सेवाच.

आजचा उपक्रम : पाण्यानं अर्धी भरलेली बादली उचलून पाहा. पाय थोडे फाकवा, कंबरेतून न वाकता गुडघे वाकवा, बादली अंगाजवळ धरा आणि पायांच्या जोरावर उठा. वळताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. जड वाटलं तर जोडीदाराला हाक मारा. मग घरी आईला, आजीलाही हे करून दाखवा.