ओळख थोरांची : रमाबाई रानडे

या अंकात आम्ही रमाबाई रानडे यांची ओळख करून देत आहोत.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरी मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्याची रीत नव्हती. डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रानडे ३१ वर्षांचे विधुर होते.

लग्न होताच रानड्यांनी त्यांच्या हाती पाटी दिली. रात्री पतीजवळ धडे आणि दिवसा वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, असा त्यांचा दिनक्रम झाला. पुढे इंग्रजी शिकवायला मडम येऊ लागली, तेव्हा तिचा विटाळ धरला गेला. उलट उत्तर द्यायचे नाही आणि अभ्यासही चुकवायचा नाही, ही तारेवरची कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली.

आम्हाला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिकू नकोस ही घराची आज्ञा होती, तशी शिक ही पतीची आज्ञाच होती. त्या लहान मुलीला स्वतःचे काय हवे, हे कोणी विचारले नाही. पण मिळालेली विद्या त्यांनी आपलीशी केली. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचले. त्याबद्दल घरात बोलणी खाल्ली. १८८४ मध्ये ती शाळा, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाली.

१९०१ मध्ये पतीचे निधन झाले. त्यानंतरचे कार्य त्यांनी स्वतः निवडले. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभारले. शाळेचे वय उलटलेल्या गृहिणी व विधवा तेथे शिकू लागल्या, परिचारिकाही झाल्या. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज टोकरखाड्यातील आपल्या मुली उघडपणे शाळेत येतात. तरीही घरकामात अभ्यासाचा तास बुडतो तो बहुधा मुलीचाच. पालकांनी तो तास जपावा. विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे, की आठवड्यातील एक दुपार, एक वर्ग, शिक्षण अर्धवट राहिलेल्या मातांसाठी खुला करावा.